चित्राचा सातबारा

जमीन कुणाची, हा प्रश्न आपल्याकडे तलाठ्याला विचारण्याची पद्धत आहे. नमुना सातमध्ये मालकाचे नाव, नमुना बारामध्ये पिकाची नोंद. दोन्ही मिळून एक कागद होतो. त्या एका कागदापायी किती भाऊ एकमेकांच्या दारी जायचे थांबले आणि किती वकिलांची घरे उभी राहिली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. जमिनीचा पुरावा म्हणजे कागद, हे आपल्या अंगात इतके मुरले आहे की, त्यावाचून दुसरा पुरावा असू शकेल ही कल्पनाच आपल्याला शिवत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियातील काही वाळवंटी माणसांनी आपल्या जमिनीचा दावा एक मोठे चित्र काढून मांडला आणि त्या चित्रावर उभे राहून साक्षी दिल्या, हे मी प्रथम वाचले तेव्हा मला ती कुणीतरी रचलेली गोष्ट वाटली. पुढे वाचत गेलो तसतसे ध्यानात आले की, ही गोष्ट नव्हे, इतिहास आहे. आणि तो एका चित्राचाही नाही. पाचपन्नास माणसांनी एकत्र बसून, एका कापडावर किंवा एका भिंतीवर आपली भूमी रेखाटायची, असे उद्योग त्या खंडात साठ वर्षांपासून चालू आहेत. त्यातल्या काहींनी कायदा हलवला, काही चुन्याखाली पुसले गेले. सणासुदीच्या दिवसांत वाचकांना हीच हकिगत सांगावी, असे मनात आले.

प्रथम पार्श्वभूमी. १७८८ साली इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात पहिली वसाहत केली. त्या खंडावर माणसे राहू लागून तेव्हा पन्नास हजार वर्षांहून अधिक काळ लोटला होता. पण इंग्रजांना ना कुंपण दिसले, ना नांगरट, ना दस्तऐवज. तेव्हा ही भूमी कुणाचीच नाही, असे त्यांनी धरून चालले, आणि पुढची दोनशे वर्षे कायदाही तसेच धरून चालला. आता त्या लोकांपाशी नोंदी नव्हत्या असे नाही. नोंदी होत्या, पण त्या गाण्यात होत्या, नाचात होत्या, वाळूवर बोटांनी ओढलेल्या रेघांत आणि अंगावर रंगवलेल्या पट्ट्यांत होत्या. कुठल्या टेकडीमागे पाणी आहे, ते कुणाच्या पूर्वजाने निर्माण केले, तिथे जाण्याचा अधिकार कुणाला आणि ती कथा सांगण्याचा अधिकार कुणाला, हे सारे त्या नोंदींत असे. सृष्टीच्या आरंभी पूर्वज-देवता भूमीवरून चालत गेल्या, आणि त्या जिथे थांबल्या तिथे डोंगर, झरे, खडक झाले, अशी त्यांची श्रद्धा. इंग्रजीत या साऱ्याला ‘ड्रीमिंग’ म्हणतात. पण स्वप्नाशी त्याचा संबंध थोडाच. आपल्या पंढरपूरच्या वाटेवर जसा प्रत्येक मुक्काम कुठल्या ना कुठल्या आठवणीशी बांधलेला असतो, तसा त्यांचा सारा मुलूखच बांधलेला असतो, एवढे म्हटले तर वाचकांना अंदाज येईल.

या नोंदी सरकारदरबारी पहिल्यांदा पोचल्या त्या १९६३ मध्ये. खंडाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड नावाचा प्रदेश आहे. तिथल्या यिरकला गावी योल्ङू लोक राहतात. त्यांच्या राखीव मुलखातून तीनशे चौरस किलोमीटरांहून अधिक जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेण्याचे सरकारने ठरवले, आणि ठरवताना त्यांना विचारलेही नाही. या आधी, १९६२-६३ मध्येच, गावातल्या जाणत्या चित्रकारांनी एक मोठे काम हातावेगळे केले होते. योल्ङू समाज धुवा आणि यिरित्जा अशा दोन अंगांत विभागलेला आहे. प्रत्येक अंगाच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून, पुरुषभर उंचीच्या दुप्पट अशा एकेका फळीवर आपापल्या कुळांच्या भूमीची चित्रे काढली, आणि त्या दोन फळ्या गावच्या चर्चमध्ये वेदीच्या दोन बाजूंना उभ्या केल्या. एरवी एकेका कुळाने जपायची चिन्हे तिथे शेजारी शेजारी आली. खाणीची बातमी आली तेव्हा हेच लोक एकत्र बसायला शिकलेले होते.

त्यांनी पार्लमेंटला अर्ज केला. मजकूर आपल्या भाषेत आणि इंग्रजीत टंकलिखित केला, तो कागद झाडाच्या सालीवर चिकटवला, आणि भोवती गेरू, चुना, कोळसा यांच्या रंगांनी किनार रंगवली. एका सालीवर धुवा कुळांची चित्रे, दुसरीवर यिरित्जा कुळांची. मधला मजकूर पार्लमेंटच्या रीतीप्रमाणे होता. किनार त्यांच्या रीतीप्रमाणे होती. वाचणाऱ्याला किनार ही शोभा वाटावी, पण लिहिणाऱ्यांच्या लेखी खरा दस्तऐवज तीच होती. ऑगस्ट १९६३ मध्ये हे अर्ज सभागृहात सादर झाले. चौकशी समिती नेमली गेली, समितीने नुकसानभरपाईची शिफारस केली, आणि खाण व्हायची ती झालीच. अर्ज मात्र आज कॅनबेराच्या पार्लमेंट भवनात काचेमागे मानाने ठेवलेले आहेत. सरकारची ही रीत आपल्यालाही परकी नाही.

योल्ङू कोर्टात गेले. १९७१ साली न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निकाल दिला. हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचण्याजोगा मानतो, कारण त्यात एक प्रामाणिक न्यायाधीश आपल्याच कायद्याच्या भिंतीला जाऊन थडकलेला दिसतो. या लोकांना नियमबद्ध, सूक्ष्म असा स्वतःचा कायदा आहे, हे त्यांनी मान्य केले. त्यांचे भूमीशी नाते खोल आहे, हेही मान्य केले. पण पुराव्यावरून त्यांना असे दिसले की, भूमी आपली आहे यापेक्षा आपण भूमीचे आहोत, ही त्या लोकांची भावना अधिक बळकट आहे. आणि इंग्रजी कायद्यात मालमत्ता म्हणतात ती ही नव्हे. दावा फेटाळला गेला. जे नाते मालकीहून मोठे, ते मालकी नाही म्हणून बाद झाले! या निकालाने लोकमत ढवळून निघाले, चौकशी आयोग बसला, आणि १९७६ मध्ये उत्तर प्रदेशासाठी, म्हणजे तिथल्या नॉर्दर्न टेरिटरीसाठी, जमीन-हक्कांचा कायदा झाला.

ज्या वर्षी हा निकाल लागला, त्याच वर्षी तिथून फार दूर, खंडाच्या मध्यभागी, एका शाळेच्या भिंतीवर दुसरा प्रकार घडत होता. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे अडीचशे किलोमीटरांवर पापुन्या नावाची वसाहत आहे. पिंटुपी, लुरिचा, वार्लपिरी अशा वेगवेगळ्या लोकांना त्यांच्या मुलखांतून आणून सरकारने तिथे एकत्र वसवले होते. हेतू हा की, त्यांनी गोऱ्यांसारखे व्हावे. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन नावाचा तरुण चित्रकला-शिक्षक शाळेवर आला. मुले खेळताना वाळूत बोटांनी नक्षी काढतात आणि वर्गात मात्र ती विसरतात, हे त्याच्या नजरेला आले. त्याने शाळेच्या भिंतीवर चित्र काढण्याची कल्पना मांडली, आणि मुलांच्या ऐवजी मोठी माणसेच पुढे आली. ती शाळेत झाडलोट, बागकाम करणारी माणसे. समाजात मात्र ज्ञानी पुरुष. विषय ठरला मधाच्या मुंगीचा, कारण पापुन्याची जागाच त्या मुंगीच्या कथेतली. कापा जाम्पिजिन्पा या चित्रकाराने प्रथम मुंग्या काढल्या त्या पुस्तकात असतात तशा, हुबेहूब. बार्डनने विचारले, ही तुमची मुंगी आहे का? तेव्हा कापाने त्या पुसल्या आणि आपल्या रीतीची खूण काढली. सारा गाव ते पाहायला लोटला. आपली खूण सरकारी भिंतीवर दिसली, याचे अप्रूप काय असेल, ते ज्याची भाषा शाळेत हसण्यावारी नेली गेली आहे त्याला सांगायला नको.

१९७२ मध्ये चित्रकारांनी आपली मंडळी रीतसर स्थापली. ‘पापुन्या तुला’ हे तिचे नाव. पण पेच लगेच उभे राहिले. या खुणांतल्या काही गुप्त होत्या. विधिवत दीक्षा झालेल्यांनाच त्या पाहता येत. त्या फळ्यांवर रंगून बाजारात जाऊ लागल्या, तेव्हा शेजारच्या जमातींचे लोक संतापले, आणि त्यांचा संताप रास्त होता. मग चित्रकारांनी गुप्त ते गाळले, उरलेले ठिपक्यांच्या पडद्याआड नेले. आज जगभर प्रसिद्ध असलेल्या त्या ठिपक्यांत हा संकोचही आहे. शाळेच्या भिंतीवरची चित्रे १९७४ मध्ये रंग फासून झाकून टाकण्यात आली. तरी त्या चित्रांनी पेरले ते उगवलेच. जी माणसे आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर बसून तो मुलूख रेखाटत होती, ती १९८१ पासून परत निघाली, आणि पश्चिमेला किंटोर येथे पिंटुपींचे नवे गाव उभे राहिले.

या किंटोरचीच पुढची एक हकिगत सांगून टाकतो. तिथल्या पुष्कळांना मूत्रपिंडाचा विकार जडला. उपचार पाचशे किलोमीटरांवर ॲलिस स्प्रिंग्जला. तिथे एकदा गेले की कायमचेच. म्हातारी माणसे परक्या गावात, आपल्या भूमीपासून दूर मरू लागली. तेव्हा किंटोर आणि किविर्कुरा इथल्या स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून मोठमोठी सामुदायिक चित्रे काढली. २००० साली सिडनीत त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. त्या पैशातून वाळवंटातच रक्तशुद्धीचे यंत्र आले, आणि २००४ पासून किंटोरची माणसे किंटोरमध्ये उपचार घेऊ लागली. भूमीचे चित्र काढून भूमीवर मरण्याचा, खरे म्हणजे जगण्याचा, हक्क त्यांनी मिळवला.

आता मूळ चित्राकडे येऊ. १९९२ च्या जून महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एडी माबो यांच्या दाव्यात निकाल दिला की, ही भूमी कुणाचीच नव्हती हे गृहीत खोटे होते. माबो हा निकाल ऐकायला राहिले नव्हते; त्याच वर्षीच्या जानेवारीत ते वारले होते. १९९३ मध्ये मूळनिवासींच्या भूमीहक्काचा कायदा झाला. त्याखाली दावा सांगायचा तर भूमीशी आपले नाते परंपरेने अखंड चालत आले आहे, हे सिद्ध करावे लागे. आणि इथेच ग्रेट सँडी वाळवंटातील लोकांची पंचाईत झाली.

या लोकांचा मुलूख पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात. ते आपल्या भूमीला ‘ङुर्रारा’ म्हणतात, म्हणजे आपले घर. आपल्याकडे पोरे क-ख-ग-घ-ङ घोकतात, पण ङ ने सुरू होणारा एक शब्द आयुष्यात वापरत नाहीत. तिथे घरालाच ङ लागतो. विसाव्या शतकात ही माणसे हळूहळू वाळवंटातून बाहेर येऊन गोऱ्यांच्या गुरांच्या मळ्यांवर राबू लागली. वाळवंटातून गुरे हाकण्यासाठी आल्फ्रेड कॅनिंग याने १९०६-०७ मध्ये मार्ग आखला, तेव्हा पाणी दाखवावे म्हणून मूळच्या माणसांना साखळदंड घातले होते, हे त्या काळच्या चौकशीतच पुढे आले. पुढे साठीच्या दशकात मूळनिवासी गुराख्यांना समान वेतन द्यावे, असे ठरले आणि मळेवाल्यांनी पुष्कळांना सरळ काढून टाकले. ही कुटुंबे फिट्झरॉय क्रॉसिंग गावाच्या कडेला येऊन पडली. वालमाजारी, वांगकाजुंगा, मंगाला, जुवालिनी अशा अनेक बोली बोलणारी ही माणसे. त्यांतली काही तिथल्या प्रौढशिक्षणाच्या वर्गात अक्षरे शिकता शिकता चित्रे काढू लागली, आणि त्यातूनच मंगकाजा ही कला-संस्था उभी राहिली.

१९९६ मध्ये त्यांनी दावा दाखल केला. साक्षी इंग्रजीत, प्रश्न वकिलांचे, नकाशे सरकारी. सत्तरीतल्या म्हाताऱ्यांना भूमी पाठ होती, पण ती त्या भाषेत सांगता येईना. तेव्हा त्यांनी ठरवले की, आपण ती काढून दाखवू. पहिले चित्र त्याच वर्षी झाले. त्याहून मोठे दुसरे मे १९९७ मध्ये, वाळवंटाच्या उत्तर कडेला पिर्निनी येथे. आठ मीटर रुंद, दहा मीटर लांब कापड जमिनीवर अंथरले आणि चाळीसहून अधिक बायापुरुष त्यावर चहूबाजूंनी जाऊन बसले. बसले ते कुठेही नव्हे. ज्याचा झरा जिथे, तो तिथे. जिला आजीकडून जो पाणवठा मिळाला, ती त्याच जागी. शेजाऱ्याच्या भागात ब्रश घालायचा नाही, हा नियम. त्यामुळे त्या चित्राला वर-खाली नाही. कुठूनही पाहिले तरी कुणीतरी आपल्याकडे तोंड करून बसलेले असते. त्यात ‘जिला’ आहेत, म्हणजे कधीही न आटणारे जिवंत झरे, ज्यांत सर्परूपी देवता राहतात. ‘जुमू’ आहेत, म्हणजे वाळू उकरल्यावर पाझरणारे पाणी. आणि ‘जिल्जी’, म्हणजे वाळूच्या लांबच लांब टेकड्या. सारा नकाशा पाण्याचा आहे. वाळवंटातल्या माणसाने भूमी मोजायची तर दुसऱ्या कशाने मोजणार?

त्याच वर्षी भूमीहक्क न्यायाधिकरणाची माणसे पिर्निनीला आली. चित्र अंथरलेले होते. एकेक दावेदार उठे, चित्रातल्या आपल्या जागेवर जाऊन उभा राही, आणि आपल्या भाषेत आपल्या भूमीची हकिगत सांगे. दुभाषे ती समजावून देत. दावेदाराचा पाय जिथे, तिथेच त्याची साक्ष. मी ते चित्र छायाचित्रांतच पाहिले आहे, तरी त्यावर उभ्या असलेल्या म्हातारीचा ताठ कणा पाहून मला आमचे आजोबा आठवले. मोजणीच्या दिवशी साखळी धरणाऱ्या शिपायाच्या पुढे पुढे ते असेच चालत आणि प्रत्येक धोंडा कुणी, कधी रोवला ते सांगत. मोजणीदार ऐकून घेई आणि त्यातले काही लिहीत नसे.

चित्र पुरावा होऊ शकते का, असा रोकडा प्रश्न कुणी विचारील. विचारावाही. एकट्या चित्रावर निकाल लागला, असे मी म्हणत नाही. त्यामागे मानववंशशास्त्रज्ञांचे अहवाल, वंशावळी, वकिलांची वर्षानुवर्षांची खटपट होती. पण विचार करा: चाळीस माणसे, अनेक बोली, कित्येक दशके भूमीपासून दूर, आणि तरीही एकाने काढलेला झरा दुसरीच्या टेकडीशी नीट येऊन मिळतो. खोटी साक्ष एकट्याला पढवता येते, एवढ्यांना एका कापडावर पढवता येत नाही. दहा वर्षांनी, ९ नोव्हेंबर २००७ रोजी, फेडरल कोर्ट पिर्निनीला जाऊन बसले आणि पंचाहत्तर हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भूमीवर या लोकांचा हक्क मान्य झाला. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढा मुलूख! पण चित्र काढणाऱ्यांतले कितीतरी जण तो दिवस पाहायला उरले नव्हते. आणि भूमीखालची खनिजे या हक्कात येत नाहीत, ती सरकारचीच.

यिरकलाच्या लोकांनीही चित्राचा मार्ग सोडला नाही. आपल्या पवित्र जागी चोरट्या मासेमारांचा तळ सापडल्यावर ४७ चित्रकारांनी समुद्राची ८० सालचित्रे काढली, आणि भूमी भरतीच्या रेषेपाशी संपत नाही, हे त्यांतून दाखवले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरती-ओहोटीमधल्या किनाऱ्यावरचा त्यांचा हक्क उचलून धरला. आणि ज्या खाणीविरुद्ध १९६३ चे अर्ज होते, त्या भूमीच्या भरपाईच्या दाव्यात मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केंद्र सरकारचे अपील फेटाळले. सालीवरची किनार वाचायला बासष्ट वर्षे लागली.

या इतिहासाला आपल्याकडचा एक धागाही आहे. १९८९ मध्ये पॅरिसला एक मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे मध्य ऑस्ट्रेलियातल्या युएंदुमू गावच्या माणसांनी प्रत्यक्ष जमिनीवर आपले भूमिचित्र घातले; आणि त्याच प्रदर्शनात आपल्या डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रेही होती. लग्नघरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहावा, मध्ये पालघट देवी बसवावी, भोवती झाडे, पाखरे, शेते यावीत, ही वारल्यांची रीत. आणि तो चौक लिहिण्याचा मान मुळात सुवासिनींचा. वारली बोलताना चित्र काढणे म्हणत नाहीत, लिहिणे म्हणतात. वाळवंटातली माणसे आणि आपले वारली त्या पॅरिसमध्ये एकमेकांशी काय बोलले असतील नसतील, पण ‘लिहिणे’ हा शब्द दोघांनाही पटला असता.

दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. बुरूज, तलाव, अळीव पेरलेली शेते, सारे त्यात असते. यंदा किल्ला झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून एक मोठा कागद अंथरावा आणि आपले मूळ गाव काढायला सांगावे, असे माझे सुचवणे आहे. नियम तिथलाच ठेवावा: ज्याला जे ठाऊक, त्याने तेवढेच काढावे. विहीर कुठे होती, म्हसोबा कुठे, कुठल्या बांधावरचा आंबा आंबट. माहेरचे गाव आईने काढावे, सासरचे बाबांनी. शेतांची नावे विचारून घ्यावीत. वडाचे वावर, खालची पट्टी, चिंचेचा मळा अशी नावे प्रत्येक गावात असतात. सातबाराच्या नमुन्यात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना छापलेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. मी जे उतारे पाहिले, त्यांतल्या बहुतेकांवर तो कोरा होता.